ओढणीवरचे बिल्ले

मध्यप्रदेश उसवायला आम्हाला पुरा एक तास लागला. खांद्यावरची पट्टी म्हणते मी. छप्पन सालच्या नोव्हेंबरात आमचा यवतमाळ जिल्हा मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला, आणि दारव्ह्याच्या शाळेत आमच्या गाइडच्या बाईंनी सगळ्या पोरींना व्हरांड्यात बसवून सांगितलं, की प्रत्येकीनं आपापल्या खांद्यावरची राज्याची पट्टी उसवायची. कापड फाटता कामा नये. नव्या पट्ट्या येतील तेव्हा येतील. पोरींनी उसवल्या आणि तिथंच टाकून दिल्या. झाडणारी मावशी यायच्या आत मी त्या साऱ्या उचलल्या. का उचलल्या, ते मला आजही धड सांगता येत नाही. निळ्या कापडावर पांढऱ्या दोऱ्यानं काढलेली अक्षरं होती. कोणीतरी डोळे फोडून ती काढली असणार, आणि ती धुळीत पडलेली मला बघवेनात. बस, एवढंच.

तिथून ते वेड लागलं. पुढे साठ साली महाराष्ट्र झाला तेव्हा पट्ट्या पुन्हा बदलल्या, त्याही मी गोळा केल्या. पण मी सांगते आहे ती गोष्ट मधल्या काळातली, मी बारा वर्षांची होते तेव्हाची.

एका जागी बसणारी पोर मी नव्हतेच. आमचा तांडा दारव्ह्यापासून तासाभराच्या पायवाटेवर. आजोबांच्या काळात आमची माणसं बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख फिरायची. बाच्या काळात कपाशी-तुरीची शेती आली, बैल औताला लागले. याडी, म्हणजे माझी आई, म्हणायची, "बैल थांबले, अन् त्यायचं चालणं या पोरीच्या पायात उतरलं." घरात आम्ही गोरबोलीच, म्हणजे बंजाऱ्यांची बोलीच, बोलायचो, पण इथं सगळ्यांना समजावं म्हणून मी ते वऱ्हाडीत लिहिते आहे. शाळेत जायला एक तास, यायला एक तास, आणि वर्गात बसले की पाय बाकाखाली हलतच असायचे.

तर बिल्ले. गावातल्या पोरींना जंगलातलं काय हवं असतं ते मला ठाऊक होतं. बोरं, आवळे, चारोळ्या, मोराचं पीस. ते द्यायचं आणि बिल्ला घ्यायचा. प्रथमोपचाराचा गोल कापडी बिल्ला एका पोरीनं मला ओंजळभर चारोळीवर दिला. तिचं लग्न ठरलं होतं, तिला तो आता कशाला? आमच्या शाळेत पोरींचं मंत्रिमंडळ असायचं. त्यातली आरोग्यमंत्री स्वतःच खरूज होऊन महिनाभर घरी बसली, म्हणून तिची रेशमी फीत माझ्याकडे आली. वर्गनायिकेची पितळी पिन, शिट्टीची पांढरी दोरी, पट्ट्याचं बक्कल, असं काय काय. दवाखान्यातले म्हातारे कंपाउंडर इंग्रजांच्या राज्यात स्काउट होते म्हणे. त्यांनी टोपीवरचा बिल्ला काढून दिला, मध्ये कळीसारखं फूल असलेला. म्हणाले, "पोरी, हे लावून मी साहेबाले सलामी देल्ली होती. आता बायको म्हणते, मोडीत टाका." मी म्हटलं, "मोडीत काहून? मले द्या ना." आणि ते हसत हसत देऊन मोकळे झाले.

हे सगळं बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, आणि डबा दप्तरात. माझे पाय हलले की डबा वाजायचा. गणिताच्या गुरुजींनी एक दिवस मला उभं केलं. "काय वाजवून राह्यली व? मंदिर आहे का हे?" सारा वर्ग हसला. "उद्यापासून डबा शाळेत दिसला तं विहिरीत फेकीन."

म्हणून डबा घरी ठेवायची वेळ आली. आणि त्याच दिवसांत गाइडच्या बाईंनी मला बोलावून घेतलं.

बाई आमच्या भागातल्या नव्हत्या. एकट्या राहायच्या, बोलायला मोजक्या, पण मी गोळा करते हे त्यांना माहीत होतं आणि आवडतही होतं. त्या म्हणाल्या, "यवतमाळला मेळावा आहे. तुझे बिल्ले एका पुठ्ठ्यावर नीट टाचून आण. खाली कोणता काय ते लिही. आपण मांडू तिथं." मग कपाटातून रुमालाची पुरचुंडी काढली. आत गाइडचा बिल्ला होता, तीन पानांचं पितळी फूल, मागे पिन, पानांच्या कडा घासून गुळगुळीत झालेल्या. "हा माझा. मी तुझ्याएवढी असताना माझ्या बाईंनी स्वतःच्या साडीवरचा काढून मला लावला होता. त्या आता नाहीत. हा मधोमध लाव. रविवारी संध्याकाळपर्यंत पुठ्ठा माझ्या घरी आण, सोमवारी पहाटेच्या गाडीनं आपल्याला निघायचंय."

रविवार सतरा दिवसांवर होता. मी तो बिल्ला मुठीत धरून तांड्यापर्यंत जवळजवळ पळतच आले.

घरी लग्नाची गडबड. माझ्या मोठ्या बहिणीचं. आमच्यात मोठ्या बहिणीला बाईच म्हणतात, पण इथं गाइडच्या बाई आहेत, तर घोळ नको, मी तिला थोरली म्हणते. घरात धाकटी भावंडं, पाहुण्यांची पोरं, कोण कुठं हात घालेल नेम नाही. डबा ठेवावा कुठं? मी घरभर नुसती फिरले. शेवटी याडीच्या शिवणाच्या टोपलीत ठेवला. त्या टोपलीला पोरं हात लावत नसत. सुया असायच्या आणि याडीचा मारही असायचा.

आता यात माझी चूक काय झाली, ते तांड्यातल्याशिवाय कोणाला कळायचं नाही. लग्न ठरलं की नवरीची आई तिची ओढणी भरायला घेते. भिंगं, कवड्या, शिशाचे मणी, जुनी नाणी, जे चमकतं ते सगळं त्यावर चढतं. आणि घरचा-दारचा जो कोणी बाजाराला जातो, तो नवरीसाठी काहीतरी आणतो आणि न बोलता आईच्या टोपलीत टाकतो. कोणी विचारायचं नाही, कोणी सांगायचं नाही. टोपलीत पडलं ते नवरीचं झालं. मी हे लहानपणापासून पाहत आले होते. त्या दिवशी माझ्या ध्यानातच आलं नाही. पुठ्ठा आणायचा, दौत आणायची, अक्षर कसं काढायचं, डोक्यात तेवढंच फिरत होतं.

लग्नाच्या दिवशी सकाळी याडीनं ओढणी उलगडली आणि बायका "व माय!" म्हणून पुढं सरकल्या. मीही सरकले. काठावर ओळीनं माझ्या निळ्या पट्ट्या, त्यांच्यामध्ये गोल बिल्ले, कोपऱ्याला कंपाउंडरसाहेबांची कळी, आणि कपाळावर येतं तिथं, बरोबर मधोमध, बाईंचं पितळी फूल.

"हे पाहा," याडी सगळ्यांना सांगत होती. "माही लहानी. रोज दोन घंटे चालते. वरीसभर एक एक जमा केलं बहिणीसाठी, अन् तोंडातून एक शब्द नाई. गुपचूप टोपलीत आणून ठेवलं."

"पोरगी शिकली तं वाया जाते म्हणत होतो आपण," शेजारची काकी म्हणाली, आणि माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली.

मी फुलाकडे पाहत होते. मागची पिन दिसत नव्हती. याडीनं ती बाच्या पकडीनं तोडून टाकली होती, पोरीच्या कपाळात रुतू नये म्हणून. आणि टाका घ्यायला पानांना दोन भोकं पाडली होती.

सांगायचं होतं मला. देवाशपथ, तोंड उघडलं होतं. पण याडीला एवढ्या बायकांत कोणी कधी वाखाणलं नव्हतं, आणि माझ्यामुळे तर नाहीच. लग्नभर मी पाणी दे, पत्रावळ्या उचल, असं करत धावत राहिले. थांबले असते तर रडले असते.

आमच्यात नवरी सासरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून रडते, आणि ते रडणं गाऊन असतं. ढावलो म्हणतात त्याला. ज्याच्या गळ्यात पडायचं, त्याच्याबद्दल ती तिथल्या तिथं शब्द जोडत जाते. थोरली माझ्या गळ्यात पडली आणि गाऊ लागली, की चिखलातून चालत जाणारी माझी लहानी, अक्षरांच्या घरातून तिनं माझ्यासाठी फुलं वेचून आणली. साऱ्या बायका हुंदके देऊ लागल्या. ते पितळी फूल माझ्या गालाला रुतत होतं. माझी बोटं आपोआप त्याच्या टाक्याशी गेली, ओढून पाहिलं. याडीचा टाका तो, निघतो कशाला! मागून कोणीतरी म्हणालं, "पाहा व, लहानी सोडून नाई राह्यली तिले."

आणि ओढणी उमरखेडकडच्या तांड्यात निघून गेली.

पुढचा आठवडा कसा काढला, विचारू नका. मंगळवारी बाईंनी विचारलं, "पुठ्ठा कुठवर आलाय?" मी म्हटलं, "होऊन राह्यला, बाई." गुरुवारी विचारलं, "अक्षर नीट काढतेस ना?" मी म्हटलं, "हो, बाई." दोनदा खोटं. वाटेनं चालताना मी मोठ्यानं बोलायचे, बाईंशी, याडीशी, थोरलीशी, एकटीच. कपाशी वेचणाऱ्या बायका वर मान करून पाहायच्या. जेवण उतरेना. याडीला वाटलं, बहिणीची आठवण येते. तिनं बाला सांगितलं, "शनिवारी पोरीले माहेरी आणायले जाता ना? लहानीलेही न्या संगं. सुकून चालली."

मी तयार होऊन पहाटेपासून दारात उभी.

दारव्ह्याहून दिग्रस, पुसद, उमरखेड. एसटीत मी सारखी उठत होते. प्रत्येक थांब्यावर विचारायचे, "बा, आलं का?" शेवटी बा म्हणाला, "तू उतर अन् पयत ये मागून. गाडीच्या आधी पोचशीन." आजूबाजूचे हसले. मी नाही हसले.

थोरलीच्या सासरी गेलो तर तिची सासू आमची वाटच पाहत होती. पाणी देता देता बाला म्हणाली, "व्याही, हे कपाळावरचं फूल सरकारी आहे म्हणतात, खरं का? आमच्या तांड्याच्या नायकानं सांगतलं, असं फूल सरकार देते." बा शिकलेला नव्हता, पण व्याह्याच्या दारात मागं हटणारा नव्हता. "आता पोरगी शाळेत हाये आमची," तो म्हणाला. "तिथं तं सरकारचंच राज असते." सासूनं माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी कलेक्टरच.

थोरली नाल्यावर पाणी भरायला निघाली, तशी मी घागर घेऊन तिच्या मागं. नाल्याशी पोचेपर्यंतही माझ्यानं राहवलं नाही. चालता चालताच सांगून टाकलं. डबा, टोपली, मेळावा, बाईंच्या बाई, दोनदा खोटं, उद्याची संध्याकाळ. सगळं एका दमात.

ती थांबली. घागर खाली ठेवली.

"म्हणजे हे माह्यासाठी नव्हतं?"

मी माझी घागर तिच्या घागरीशेजारी टेकवली.

"एकही?"

"मी टोपलीत ठेवलं, पोट्ट्यायचा हात लागू नये म्हणून. मले सुचलंच नाई."

"इथं आल्यापासून," ती म्हणाली, "मी साऱ्यायले सांगून राह्यली, माह्या लहानीनं देल्लं. सासूले सांगतलं. नणदेले सांगतलं. अन् मी ढावल्यात गाऊन बसली तुह्यासाठी! तू तवा तरी बोलायचं होतं."

"तवा कसं बोलू? तू रडून राह्यलती."

"तू पण रडून राह्यलती ना व, सोंगाडे!"

तिला हसू आलं की रडू, मला समजेना. ती घागर उचलून नाल्यापर्यंत पुढं गेली आणि काठावर बसली. मी मात्र उभ्या जागी पाय बदलत होते. ऊन कलत होतं, आणि माझ्या डोक्यात रविवारची संध्याकाळ वाजत होती. मग तिनं ओढणी डोक्यावरून घेतली आणि फूल शोधलं. मी हात पुढं केला, तसा तिनं तो झटकला.

"माहेरच्यानं नाई उसवत नवरीचा टाका. ठाऊक नाई का? मीच काढते."

बाभळीच्या काट्यानं तिनं एक एक टाका उचकला आणि दातानं दोरा तोडला. फूल माझ्या हातावर ठेवलं. "हे तुह्या बाईचं हाये म्हणून. बाकीचे माहे. मागू नको."

"अन् पुठ्ठा? पुठ्ठ्यावर काय लावू मंग?"

"माहं तोंड लाव," ती म्हणाली, आणि घागर भरायला वाकली.

त्या संध्याकाळी सासूनं विचारलं तेव्हा थोरलीनं सांगितलं, फूल नाल्यात पडलं. सासू तिला घालून पाडून बोलली, सरकारी वस्तू आठ दिवसांत हरवली म्हणून. मी चुलीजवळ बसून ते ऐकत होते आणि फूल माझ्या मुठीत होतं.

रविवारी उन्हं उतरायच्या आत दारव्ह्याला उतरलो. बा आणि थोरली स्टँडवर थांबले आणि मी बाईंच्या खोलीकडे धावत गेले. बाईंनी दार उघडलं. माझे हात मोकळे पाहून त्यांना कळलंच. मी मूठ उघडली. त्यांनी फूल उचललं, उलटं केलं. पिनेच्या जागी नुसता खरखरीत डाग होता, आणि पानांत दोन भोकं. मी सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकदाही टोकलं नाही.

"हरवलं असतं तरी मी काही बोलले नसते," त्या शेवटी म्हणाल्या. "पण मंगळवारी विचारलं, गुरुवारी विचारलं. तेव्हा काय झालं होतं तुला?"

मी दाराची कडी वरखाली करत राहिले.

"आईला ठाऊक आहे?"

मी मान हलवली. नाही.

"बरं. जा. वडील थांबले असतील."

एवढंच. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी मेळाव्याला मी गेले, पण पुठ्ठ्याच्या जागी शाळेनं कागदी फुलं मांडली होती. बाईंनी ते फूल लावलं नव्हतं. मी कवायतीत सारखी मान वळवून त्यांच्या खांद्याकडे पाहत होते आणि दोनदा माझं पाऊल चुकलं. पुढच्या वर्षी त्यांची बदली झाली. ते फूल त्यांनी पुन्हा कधी लावलं का, मला माहीत नाही.

पण मला त्या रविवारचं सांगायचं आहे. स्टँडवरून आम्ही तिघं तांड्याकडे चालत निघालो. थोरली वाटेत माझ्याशी बोलली नाही. मी कधी पुढं, कधी मागं. बा म्हणाला, "एका रेषेत चाल ना, कुत्रं चावलं का?"

याडी वाटेवरच उभी होती. तिनं थोरलीला पोटाशी धरलं, तोंडावरून हात फिरवला. हात कपाळावर जाऊन थांबला.

"इथलं फूल कोठी गेलं?"

"पडलं, याडी. नाल्यात."

"पडलं? माह्या टाक्यातून?" याडीचा आवाज चढला तशा शेजारच्या बायका जमल्या. "लहानीनं वरीसभर पाय झिजवले, अन् तुले आठ दिवस सांभाळता नाई आलं? सासरी गेली तं डोये फुटले का तुहे?"

थोरली मान खाली घालून उभी. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर कदाचित मी गप्प राहिले असते.

"याडी," मी म्हटलं, "तिनं नाई हरवलं. मी घेतलं. ते बाईचं होतं."

आणि पुन्हा सगळं सांगितलं. दोन दिवसांत तिसऱ्यांदा.

"मंग टोपलीत काहून टाकलं?" याडीनं हळूच विचारलं.

"सांभाळायले."

काकी फसकन हसली. "व माय! अन् आपण ढावल्यात इतकं रडलो!" बाकीच्याही हसल्या. वाईट मनानं नाही हसल्या त्या, पण याडी हसली नाही. ती आत गेली, टोपली घेऊन आली, ओट्यावर बसली, थोरलीच्या डोक्यावरून ओढणी ओढून मांडीवर घेतली आणि सुईच्या टोकानं पहिली निळी पट्टी उसवायला लागली. भराभरा.

"का करून राह्यली?" थोरली ओरडली.

"ज्याचं त्याले देते. उगाच कोणाचं ठेवायचं नाई आपल्याले."

थोरलीनं ओढणी दोन्ही हातांनी धरली. "हात नको लावू! लहानीनं नसतीन देल्ले. तुनं तं देल्ले ना?"

दोघी दोन टोकं धरून तशाच राहिल्या. मग याडीनं सोडलं. बायका एक एक करून निघून गेल्या. याडीनं स्वतःच्या काचळीवरची, छातीवरच्या चोळीवरची, एक मोठी कवडी तोडली आणि फुलाच्या मोकळ्या जागी टाचायला घेतली. तिचं काम होईपर्यंत मी तिच्या भोवती नुसती फिरत होते. दोरा देऊ का, भिंग शोधू का, विचारत होते. ती "नाई" एवढंच म्हणत होती.

दिवेलागणीला जेवायला बसलो. याडी मला भाकर नेहमी मोडून द्यायची, मी घाईत तोंड भाजून घेते म्हणून. त्या दिवशी तिनं थोरलीची भाकर मोडली, बाला वाढलं, धाकट्यांना दिलं आणि माझ्या ताटात अख्खी गरम भाकर ठेवून पुढच्या भाकरीचं पीठ मळायला वळली. मी ती मोडायला घेतली, बोटं भाजली, खाली ठेवली, पुन्हा उचलली.